घालून पाहण्याचे हजार रुपये!

लग्नाचा बस्ता बांधणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. दोन्हीकडची दहा-पंधरा माणसे दुकानातल्या पांढऱ्या गादीवर मांड ठोकून बसतात. दुकानदार चहा मागवतो, पोरासोरांना थंड पाजतो आणि साड्यांच्या घड्या एकामागून एक मोडत जातो. शंभर साड्या उलगडल्या, नव्वद नापसंत केल्या आणि शेवटी ‘जरा बाजार फिरून येतो’ म्हणून सगळे उठले, तरी कोणी पैसे मागत नाही. दुकानातला मिशीवाला नोकर स्वतःच्या खांद्यावर पदर टाकून काठ कसा दिसतो ते दाखवतो, तेही फुकट. घडी मोडण्याची मजुरी आजवर कोणी लावलेली आम्ही ऐकली नाही.

पण साडी ही न शिवलेली वस्तू. खांद्यावर टाकली की कळते. आता मुलींना घागरा हवा, गाऊन हवा, अंगाच्या मापाचा हवा. तो घालून पाहिल्याशिवाय कळत नाही आणि घालून पाहायचे तर आता काही दुकानांत पैसे पडतात. इंग्लंड-अमेरिकेत वधूवेशाची अनेक दुकाने अगोदर वेळ ठरवून देतात आणि त्या तास-दीड तासाचे पैसे घेतात. काही ठिकाणी फक्त शनिवार-रविवारच्या वेळेला घेतात, काही ठिकाणी खरेदी झाली तर ते बिलातून वजा करतात. तिकडची ही रीत आता आपल्याकडच्या चकचकीत काचेच्या दुकानांतही शिरली आहे.

दुकानदाराची बाजू अगोदर सांगतो, कारण ती अगदीच खोटी नाही. अशा दुकानात एका नमुन्याचा बहुधा एकच गाऊन असतो. तो दिवसातून पाच मुलींच्या अंगावर चढतो. पांढऱ्या कापडाला तोंडाचे फाउंडेशन लागते, घाम लागतो, जाळी नखात अडकून फाटते. एका मुलीमागे एक बाई तासभर उभी राहते, मागचे बंद बांधते, टाचण्या लावते. आणि इतके होऊन मुलगी आरशासमोर फोटो काढते, घरी जाते आणि तोच नमुना शिंप्याकडून निम्म्या पैशांत शिवून घेते, नाहीतर मोबाईलवरून मागवते. तेव्हा त्या बाईच्या तासाचे मोल कोणी द्यायचे, हा प्रश्न रास्त आहे. श्रमाला मोल नको, असे आंबेडकरी माणसाने तरी म्हणू नये. आमचा वाद त्या पैशांशी नाही. आमचा वाद वेगळा आहे आणि तो एका प्रसंगातून आमच्या ध्यानात आला.

आमची पुतणी सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. तिचे लग्न ठरले. सकाळी विहारात विधी, संध्याकाळी स्वागत समारंभ. विधीला पांढरी साडी हे तिने स्वतःच ठरवले होते. ४ डिसेंबर १९५६ रोजी, म्हणजे महापरिनिर्वाणाच्या दोनच दिवस आधी, बाबासाहेबांनी एका कार्यकर्त्याला पत्र लिहून बौद्ध विवाहाची पद्धत सांगितली होती. होम नाही, सप्तपदी नाही. मध्ये पाण्याने काठोकाठ भरलेले मातीचे नवे भांडे, त्यात सोडलेला सुती धागा, त्याची दोन टोके दोघांच्या हातात आणि दोघांच्याही अंगावर पांढरी वस्त्रे. संध्याकाळसाठीही तिला पांढरेच हवे होते, पण गाऊन हवा होता. तिच्या वॉर्डातल्या एका ख्रिश्चन मैत्रिणीच्या लग्नात तिने तो पाहिला होता. भावाला कोर्टकचेरीचा आणि दुकानदारांचा सारखाच धाक, म्हणून आमची नेमणूक झाली. आम्ही, आमची पत्नी, भावजय आणि नवरी असे चौघे मुंबईच्या पश्चिम उपनगरातल्या एका दुकानात गेलो.

आत टेबलाशी बसलेल्या मुलीने एक फॉर्म पुढे केला. नाव, आडनाव, लग्नाची तारीख, चर्च.

“चर्च कोणतं?”

“विहार,” आमची पुतणी म्हणाली.

“म्हणजे?”

“बुद्धविहार.”

तिने चर्चच्या रकान्यात आडवी रेघ मारली, आडनाव पुन्हा विचारून घेतले आणि आत गेली. आतून मालकीणबाई आल्या. अत्यंत गोड बोलून त्यांनी सांगितले, की ट्रायलचे हजार रुपये पडतील, तीन गाऊन दाखवू, पाऊण तास मिळेल, घेतला तर बिलातून वजा होतील. हजार रुपये रोख. भावजय उठायलाच निघाली होती. पुतणीने पर्समधून स्वतःच्या पगाराच्या दोन नोटा काढल्या. आम्ही सवयीने पावती मागितली. “ट्रायलची पावती नसते, सर.” भिंतीवर दराची पाटी आहे का म्हणून नजर फिरवली. भिंतीवर हसऱ्या नवऱ्या होत्या, पाटी नव्हती.

तीन गाऊन घालून झाले. एक खरोखर सुंदर होता. किंमत ऐकून आम्ही विचार करतो म्हणालो. निघायच्या बेतात असताना दुसरी मंडळी आली. आई, मुलगी, बहुधा मावशी. त्यांनी फॉर्म भरला, पाणी आले आणि आमच्या देखत पहिला गाऊन हँगरवरून खाली उतरला. हजार रुपयांचा विषय निघाला नाही. आम्ही न राहवून मालकीणबाईंना बाजूला घेऊन विचारले, “यांच्याकडून ट्रायलचे नाही घेतले?”

“सर, त्या घेणाऱ्या आहेत.”

“तुम्हाला कसे कळले?”

“वीस वर्षं दुकानात आहे. चेहऱ्यावरून कळतं.”

वाचकहो, आम्ही या धंद्यात बरीच वर्षे उलटतपासण्या घेतल्या आहेत. इतके प्रामाणिक उत्तर आम्हाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून क्वचितच मिळाले आहे!

रिक्षात बसल्यावर पुतणी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “काका, पैसे गेले त्याचं काही नाही. पण आरशात बघताना माझं सारखं घड्याळाकडे लक्ष जात होतं.”

आता वकील म्हणून आम्ही स्वतःलाच प्रश्न विचारले. ती दुसरी मंडळी दुकानाच्या ओळखीची नसेल कशावरून? त्यांनी फोनवर वेळ ठरवताना आधीच पैसे भरले नसतील कशावरून? मालकीणबाईंनी आमच्या चेहऱ्यात काय पाहिले? जात पाहिली, गरिबी पाहिली, की भावजयीची पिशवी पाहिली? या तिन्हींत फरक आहे, आणि आमच्या अनुभवात बाजार हा फरक फारसा करीत नाही. पण कोर्ट करते. पुराव्याशिवाय आम्ही कोणावर जातीयतेचा आरोप करणार नाही. ॲट्रॉसिटी कायद्याचा गैरवापर होतो अशी ओरड करायला टपून बसलेल्या लोकांच्या हातात आम्ही आयते कोलीत का द्यावे?

तरीही कायद्यात काय आहे, हे माहीत असलेच पाहिजे. नागरी हक्क संरक्षण अधिनियम १९५५, कलम ६. अस्पृश्यतेच्या कारणावरून एखाद्याला माल विकण्यास अथवा सेवा देण्यास नकार देणे हा गुन्हा आहेच. परंतु कायदा तेवढ्यावर थांबत नाही. इतर गिऱ्हाइकांना ज्या वेळी, ज्या ठिकाणी आणि ज्या अटींवर माल व सेवा मिळते, त्याच वेळी, त्याच ठिकाणी आणि त्याच अटींवर ती देण्याचे नाकारणे हा गुन्हा आहे. ‘त्याच अटींवर’ हे शब्द अधोरेखित करा. दार उघडे ठेवून आत वेगळा दर लावणाऱ्यासाठीच ते घातले आहेत. याच कायद्याचे कलम १२ सांगते, की असे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीच्या बाबतीत घडले असेल, तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालय गृहीत धरील आणि तसे नाही हे आरोपीने सिद्ध करायचे. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध धर्मांतरितांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, म्हणून हे कलम आपल्यालाही लागू आहे. शिक्षा मात्र वाचून हसू येते. एक ते सहा महिने कैद आणि शंभर ते पाचशे रुपये दंड. म्हणजे कमाल दंडसुद्धा आमच्या पुतणीने आरशासमोर उभे राहण्याच्या भरलेल्या पैशांच्या निम्मा!

अत्याचार प्रतिबंधक कायद्यातही २०१५ ची दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला दुकानात प्रवेश करताना अडवणे हा तिच्यानुसार गुन्हा आहे. त्याच कलमात शेजारीच सार्वजनिक ठिकाणी नवे कपडे घालणे, लग्नाची वरात काढणे, वरातीत घोड्यावर बसणे यांना अडथळा करणे हेही गुन्हे म्हणून लिहिले आहे. एकविसाव्या शतकात संसदेला ‘नवे कपडे’ हा शब्द फौजदारी कायद्यात घालावा लागतो, यावरून या देशात कपड्याचा प्रश्न किती खोल आहे ते समजावे. राजस्थानात, गुजरातेत, मध्य प्रदेशात नवरदेव घोड्यावर बसला म्हणून दगडफेक होते, पोलीस बंदोबस्तात वराती काढाव्या लागतात. ती बातमी होते. काचेच्या दुकानातले हजार रुपये बातमी होत नाहीत.

या सर्वांचे मूळ भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ (२) मध्ये आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणाही नागरिकाला दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीची ठिकाणे येथे प्रवेशाबाबत निर्बंध असणार नाही. हा मसुदा संविधान सभेत २९ नोव्हेंबर १९४८ रोजी चर्चेला आला, तेव्हा ‘दुकान’ म्हणजे नेमके काय, धोबी आणि न्हावी त्यात येतात का, असा प्रश्न निघाला. बाबासाहेबांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा, की जेथे मालक आपली सेवा मागायला येणाऱ्या कोणालाही ती द्यायला तयार असतो, ते ठिकाण म्हणजे दुकान. म्हणजे त्यांच्या लेखी दुकान हे चार भिंती आणि गल्ल्याने ठरत नाही, ते ‘कोणालाही’ या शब्दाने ठरते. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्टीकरण आधाराला घेऊन खासगी शिक्षणसंस्थाही या अनुच्छेदाच्या कक्षेत आणल्या. चेहरा पाहून अट बदलणारा दुकानदार त्या व्याख्येत कितपत बसतो, हे वाचकांनीच ठरवावे.

ही व्याख्या ग्रंथालयात बसून सुचलेली नव्हती. आपल्या आज्या-पणज्यांना कापडाच्या दुकानाच्या पायरीखाली उभे राहावे लागे. कापडाला हात लावायचा नाही, लांबून बोट दाखवायचे. दुकानदार ठाण फेकणार, पैसे जमिनीवर ठेवायचे, त्यावर पाणी शिंपडून तो उचलणार. हात लावला की कापड बाटले, म्हणजे घेतलेच पाहिजे. त्या काळी ‘ट्रायल’चा दर संपूर्ण कापडाची किंमत एवढा होता! त्याच्याही मागे जायचे, तर मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मृतांची वस्त्रे नेसावीत अशी आज्ञा आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जो ग्रंथ जाळला, त्यात हेही जळाले.

आणि हा अनुभव एकट्या आपला नाही. ज्या अमेरिकेतून ही ट्रायल-फीची रीत येत आहे, तेथील कृष्णवर्णीयांना हा विषय चांगला ठाऊक आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, आणि नंतरही काही वर्षे, बाल्टिमोरसारख्या शहरांतल्या मोठमोठ्या दुकानांत काळ्या बाईला कपडा किंवा टोपी घालून पाहू देत नसत. तिने घातलेली टोपी गोऱ्या बाईने कशी घ्यायची, हा सवाल! मुलांना जोडे घ्यायचे तर आई घरी कागदावर पायाची आकृती काढून तो कागद दुकानात नेई. १९५३ साली जॅकलिन बूव्हिए यांचे जॉन केनेडींशी लग्न झाले. त्या लग्नातला गाऊन शिवणाऱ्या ॲन लोव या कृष्णवर्णीय होत्या. दुकानात पाणी शिरून तो गाऊन लग्नाच्या थोडे दिवस आधी खराब झाला, तेव्हा त्यांनी स्वतः तोशीस सोसून तो पुन्हा शिवला. देशाच्या भावी अध्यक्षाची वधू त्यांच्या हातचे कापड अंगावर घालू शकत होती. त्यांच्या समाजातल्या बायकांना मात्र अनेक दुकानांत गोऱ्यांसाठी टांगलेले कापड अंगाला लावून पाहता येत नव्हते. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून निग्रोंच्या आणि अस्पृश्यांच्या स्थितीतले साम्य सांगितले, ते उगाच नव्हे. येथे एक गोष्ट अभिमानाने नोंदवावीशी वाटते. अमेरिकेच्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातील सार्वजनिक ठिकाणांच्या प्रकरणात हॉटेले आहेत, खानावळी आहेत, नाट्यगृहे आहेत; कपड्याचे दुकान सरळ नावाने नाही. आपल्या संविधानात ‘दुकाने’ हा शब्द त्याच्या चौदा वर्षे आधीच यादीत पहिला आहे.

चळवळीतले काही ज्येष्ठ आम्हाला म्हणतील, आणि एकाने तर प्रत्यक्षच म्हटले, “वकीलसाहेब, बौद्धाच्या मुलीला गाऊन कशाला? त्या दुकानात जायचेच कशाला?” त्यांचा राग आम्हाला समजतो. कर्ज काढून केलेली लग्ने आम्हीही पाहतो. हप्ते थकले की तीच माणसे आमच्या टेबलासमोर येऊन बसतात. बाबासाहेबांनी सांगितलेली विवाहपद्धत साधी आहे ती काय आपण समारंभावर लाखो उधळावेत म्हणून? हे सर्व मान्य. परंतु मुलीला साधेपणा शिकवणे वेगळे आणि तिला दुकानाची पायरी सोडून द्यायला सांगणे वेगळे. महाडलाच त्या डिसेंबरात बाबासाहेबांनी स्त्रियांना काय सांगितले होते? तुमच्या नेसण्यावरून, तुमच्या दागिन्यांवरून तुमची जात ओळखू येते. ती खूण टाकून द्या, लुगडे नीट घोळदार नेसा. आमच्या बायकांनी ते तिथल्या तिथे अमलात आणले. आज कोणी बाई ‘चेहऱ्यावरून कळतं’ म्हणते, तेव्हा ती त्याच खुणा शोधत असते. आमच्या पुतणीने काय घालावे ते ती ठरवील, पगार तिचा आहे. तिच्याकडून काय आकारावे, ते मात्र दुकानाने तिचा चेहरा पाहून ठरवायचे नाही.

मग आम्ही केले काय? कलम ६ बाजूला ठेवले आणि ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ हाती घेतला. यात एक गंमत आहे. नुसता भाव विचारून निघून जाणारा माणूस कायद्याच्या भाषेत ‘ग्राहक’ नसतो. मोबदला देऊन माल घेणारा किंवा सेवा घेणारा, तोच ग्राहक. फुकट गाऊन दाखवला असता, तर आमची पुतणी त्या दुकानाची कोणीच नव्हती. हजार रुपये घेतले त्या क्षणी दुकानानेच तिला ग्राहक करून टाकले! सेवा दिली आणि पावती दिली नाही, ही याच कायद्याच्या कलम २ (४७) प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. आकार अगोदर जाहीर न करणे हा मुद्दाही हलका नाही. एका मोठ्या साखळी दुकानाने कापडी पिशवीचे पैसे ऐन बिलाच्या वेळी लावले, त्या प्रकरणात राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २२ डिसेंबर २०२० रोजी सांगितले, की असा आकार आहे हे ग्राहकाला खरेदीपूर्वीच ठळकपणे कळले पाहिजे, तो त्याचा हक्क आहे. हॉटेलांतल्या सेवाशुल्काबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढलेली मार्गदर्शक तत्त्वे दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये उचलून धरली. अर्थात ट्रायल-फीवर थेट निवाडा आमच्या पाहण्यात नाही, हेही सांगून टाकतो. पण वाट याच दिशेची आहे.

आमच्या नोटिशीत आम्ही नुकसानभरपाई मागितली नाही. तीनच मागण्या केल्या. ट्रायलचा आकार, त्याची वेळ आणि वजावटीची अट मराठीत दर्शनी भागी लिहा. प्रत्येकाकडून घ्या नाहीतर कोणाकडूनच घेऊ नका. आणि घेतलेल्या पैशांची पावती द्या. ज्यांना असा अनुभव येईल त्यांनी वकिलावाचूनही हे करावे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रार शुल्क नाही, आणि तक्रार दुकानाच्या गावी नव्हे, आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. पैसे शक्यतो मोबाईलवरून द्यावेत म्हणजे पुरावा राहतो. आम्ही वकील असून रोख दिले, ही आमची चूक. फॉर्मचा फोटो काढावा. दुसऱ्या गिऱ्हाइकाकडून काय घेतात ते शांतपणे पाहावे. भांडण करू नये. भांडण केले की विषय आपल्या वागण्याचा होतो.

लग्न झाले. संध्याकाळी पुतणीने पांढरा गाऊनच घातला. उल्हासनगरहून जाळीचे कापड आणले आणि वस्तीतल्या एका शिवणकाम करणाऱ्या ताईंनी, मोबाईलमधला फोटो समोर ठेवून, तो शिवला. दुकानदारांची फोटोबाबतची तक्रार आमच्याच घरात खरी ठरली, हे कबूल करतो. ताईंच्या खोलीत तिने तो चार वेळा घातला आणि चार वेळा काढला. दर वेळी ताईंनी चहा केला.

नोटिशीला लेखी उत्तर आले नाही. तिसऱ्या आठवड्यात दुकानातला एक पोऱ्या आमच्या कार्यालयात येऊन एक पाकीट ठेवून गेला. आत पाचशेच्या दोन नोटा होत्या. चिठ्ठी नाही, पावती नाही, कोणाला आणि कशाबद्दल याचा उल्लेख नाही. पुतणीला फोन केला. ती म्हणाली, “काका, असे नको. त्यांना म्हणावं, त्यावर माझं नाव लिहून द्या.” आम्ही दुसरे पत्र पाठवले आहे. पाकीट तसेच फाइलला टाचून ठेवले आहे.